सातवी मात्रा

मिहिरचं हर्नियाचं ऑपरेशन थांबलं,
बिलिरुबिन तीन पॉइंट आठ निघालं म्हणून.
कावीळ नव्हती. यकृत ठणठणीत.
मग रक्त दिल्लीला गेलं,
आणि अठरा दिवसांनी, कंपूतल्या ओपीडीत
डॉ. कुशवाह पेनाचं टोपण टेबलावर आपटत म्हणाले,
टी-ए, टी-ए, टी-ए, असं सहा वेळा लिहिलेलं असतं
या जीनच्या दाराशी.
इसके में सात है. दोनों तरफ़ से.

टोपण सात वेळा वाजलं.
मी तबलजीची मुलगी, मला रूपकच ऐकू आला,
ज्याची सम खाली असते,
पहिल्याच मात्रेला हात रिकामा हवेत जातो.

मग आता?
कुछ नहीं. लिवर ज़रा धीरे छानता है.
बस, भूखा मत रखना.
ख़ाली पेट ज़्यादा पीला दिखेगा.

स्कूटीला किल्ली लावली
आणि फिरवायची राहून गेले.

शरयूआत्या.
झाशीचे आले, बघून गेले. सागरचे आले.
उज्जैनच्यांनी तर चहाही अर्धाच प्यायला,
मुलीचे डोळे असे का, म्हणाले.
छावणीतल्या बाबाने चुन्याच्या पाण्यात
तिचे हात धुतले. पाणी पिवळं झालं,
ते सगळ्यांनी पाहिलं,
बाबाचे हात धुतले असते तर काय झालं असतं
ते कुणी पाहिलं नाही.
तिची थाळी वेगळी. काठाखाली
खिळ्याने कोरलेली फुली.

मग तिने सोळा सोमवार धरले.
डोळे निवळावेत म्हणून.
दिवसभर पाणीसुद्धा नाही,
आणि संध्याकाळी दिव्याशी बसली
की डोळे हळदीसारखे.
आजी म्हणायची, अजून श्रद्धा कमी पडते.
सोळाचे बत्तीस झाले.

बाबा तेव्हा माडीवर रियाज करत असत.
त्यांच्यात एक सात होता,
तोच माझ्यातून मिहिरकडे आला.
तिच्यात दोन असणार.
हा हिशेब माझा, डॉक्टरांचा नाही.
तिचं रक्त आता कुठून आणू?
नव्वद साली गेली, लायब्ररीतून घरी येताना,
काळा चष्मा पर्समध्ये होता,
कारण रस्त्यावर अंधार झाला होता.

रिपोर्ट मी कपाटात ठेवला,
ऑपरेशनची नवी तारीख
गॅसच्या कॅलेंडरवर लिहिली.
आधीची रात्रभर उपाशी ठेवावं लागेल त्याला,
हे भूलवाल्या डॉक्टरांना सांगायचंय,
सलाईन आधीच लावा म्हणावं.

आज सोमवार.
मिहिर जेवायला बसला,
हाताला लागेल ती थाळी त्याने घेतली.
काठ चाचपून म्हणाला,
आई, ही फुली कसली?

भात घे आधी, म्हटलं.
घेतला.
अजून घे.