अर्धी गच्ची

सकाळी सातला अंबडमधून सुटतो,
साडेसातला घर, चहा, आंघोळ,
दहाच्या आत झोप लागली तर लागली.
नंतर स्लॅब जागा होतो.

सिडकोतली खोली, तिसरा मजला, वर नुसती गच्ची.
रात्रपाळीवाल्याचा उन्हाळा छतातून उतरतो,
पंख्याच्या पात्यांवर बसतो,
आणि पंखा तो इमानाने वाटत राहतो
चारी कोपऱ्यांना, सारखा.

वडील म्हणायचे, नाशकात पंखा कशाला?
त्यांनी घेतला नाही, त्यांचं निभलं.
मी त्यांचा मुलगा, एप्रिलच्या दुपारी
ओली चादर पिळून अंगावर घेणारा.
वीस मिनिटांत वाळते. मोजलंय.

एसीचा हप्ता मी दुकानातच, उभ्या उभ्या,
मनातल्या मनात तीनदा भरून पाहिला.
चौथ्यांदा सरलाने दंड धरून बाहेर आणलं.
बाहेर जास्त उकडत होतं,
पण बाहेरचं फुकट होतं.

मग ती वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडायला बसली.
चुना पंधरा किलो. फेव्हिकॉलचा लहान डबा.
मूठभर मीठ, घरातलं. कुंचा म्हणून जुना झाडू.
शिफ्टमधला पोपट बोरस्ते
द्राक्षबागेतली फाटकी शेडनेट घेऊन आला दिंडोरीहून,
मोटरसायकलला करकचून बांधून.
पैसे म्हटलं तर रागावला.
जाळीत वेलीच्या वाळक्या बाळ्या अडकलेल्या अजून,
काय धरलंय ते विसरून गेलेल्या मुठींसारख्या.

गादी गुंडाळून भिंतीशी, खाली चटई.
स्वयंपाक उजाडायच्या आत.
खिडकी नऊला लावायची, दिवेलागणीला उघडायची.
वारा गंगेवरून येतो म्हणतात;
आमच्यापर्यंत पोचताना त्याला बरीच वळणं पडतात.

रविवारी संध्याकाळी गच्ची पांढरी केली, वर जाळी ताणली.
सोमवारी खैरनारकाकू वर आल्या,
एका हातात चिकाचं पातेलं, दुसऱ्यात साचा.
"भाडेकरूनं मालकाला चुना लावलेला
पहिल्यांदाच बघतेय," म्हणाल्या.
हसल्या नाहीत.
"कुरडया कुठं घालू? आणि ही जाळी काढा आधी,
माझं ऊन अडवतेय."

माझं ऊन.
मी पायरीवर उभा, झोपेने डोळे चुरचुरणारा.
ज्याला दार लावण्यात माझे चारशे रुपये गेले
त्याची त्या होळीपासून वाट बघत होत्या.
वर्षाची कुरडई, नागलीचे पापड, सांडगे,
सगळं याच चार आठवड्यांवर.
त्यांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत.

सरलाने विटेचा तुकडा उचलला, रेघ ओढली.
"खाली हे झोपतात तेवढं आमचं.
स्वयंपाकघराच्या वरचं तुमचं, जाळीही तिथून मागे घेतो."
काकू रेघेकडे बघत राहिल्या.
हो म्हणाल्या नाहीत. साचा फिरवायला लागल्या.

खोली गार झाली?
नाही. गार हा पैसेवाल्यांचा शब्द.
पण स्टुलावर चढून छताला हात लावला:
आधी तवा होता,
आता बराच वेळ विसरलेला चहा.
चादर चाळीस मिनिटं टिकते.

पूर्वी दुपारी एकच्या सुमाराला डोक्यावर
काकूंचे पाय पळायचे,
टाचा उचलून, चटके चुकवत, कुरडया उलटायला.
त्या आवाजाने मी जागा व्हायचो आणि कावायचो.

परवा झोपेच्या काठावर ऐकलं.
पावलं तशीच पळत आली, रेघेपर्यंत.
मग हळू झाली.
थांबली.
माझ्या छातीच्या बरोबर वर कुठेतरी
अनवाणी, बराच वेळ, उभी.

मी कूस बदलली नाही.
थोड्या वेळाने तिथेच
परात टेकवल्याचा आवाज आला.