भिजलं तरी चालेल

दुकानाला पाटी नाही. कोयाइकेत सगळे म्हणतात, बार्रियाकडे.
पुढे सायकली, मागे खोगिरं,
मधे डॉन एलेउतेरिओ, चष्म्याला सुतळी बांधलेला.

"कुठवर?"
"विया ओहिगिन्स. रस्ता संपेपर्यंत."
"मग रंग बघू नकोस, शिवण बघ."

हिरवी पिशवी देखणी होती. नऊ खिसे,
खिशाखिशाला चेन.
त्याने ती उलटी करून दिव्यावर धरली.
टाक्याटाक्यातून उजेड सांडला,
चाळणीतून पीठ पडावं तसा.
"जिथून सुई गेली तिथून पाऊस जाणार.
त्याला वाट विचारावी लागत नाही."

दुसरी काळी, बोजड, बिनखिशाची.
शिवलेली नाहीच, तापवून सांधलेली,
भरून आलेल्या जखमेसारखी बोटाला लागते.
तोंड गुंडाळायचं: एक वळसा, दोन, तीन, मग बकल.
"दोनावर थांबणारे," तो म्हणाला,
"परत येतात ते ओल्या स्लीपिंग बॅगा घेऊन."

आत मूठभर मीठ टाकून
त्याने ती अंगणातल्या पिंपात बुडवली, वर दगड ठेवला.
"उद्या ये. मीठ खोटं बोलत नाही."

सकाळी मीठ कोरडं. फुंकर मारली तर उडालं.

मग पिशवी कॅरिअरला अडकवून
त्याने सायकल उचलली आणि आपटली.
पुन्हा. पुन्हा.
चौथ्यांदा मी ओरडले, सायकल माझी होती.
"खडीवर हे दिवसभर चालेल,
आणि तिथे ओरडलीस तरी ऐकणार कोण?"
हुक जागचे हलले नव्हते.

चाकाबुकोच्या कारखान्यात आठ वर्षं मी सॅमन तोलते.
पैशाचं वजनही मला हाताने कळतं.
एकीपुरतेच होते.

दुसऱ्या बाजूला मग अन्सेल्मोची जुनी कॅनव्हासची,
आत शाईने त्याचं नाव.
हिच्यात पाणी कुठे मुरतं ते मला पाठ आहे.
भावात कुठे मुरलं, ते नाही.
सहा वर्षं झाली, तिकडेच आहे, पत्र नाही.

रात्री स्वयंपाकघरात दोन ढीग केले.
कोरडं राहायलाच हवं: स्लीपिंग बॅग, काडेपेटी,
लोकरीचा स्वेटर, दम्याचा पंप.
भिजलं तरी चालेल: पातेलं, कांदे, पाने,
साबण, पावसाळी पँट.
आईने बंद पाकीट आणून दिलं, त्याच्यासाठी.
मी ते काळ्या पिशवीकडे नेलं.
"त्याच्याच पिशवीत टाक," ती म्हणाली.
"थोडं पुसलं गेलं तर बरंच.
रागात लिहिलंय."

पाकीट कांद्यांशेजारी गेलं.

तिसऱ्या दिवशी, सेर्रो कास्तियोच्या चढावर
गारा आडव्या आल्या.
कॅनव्हास काळवंडत गेलं, आधी कोपरा, मग नाव असलेली बाजू.
मी पेडल मारत राहिले. वळणापर्यंत. त्याच्यापुढच्या वळणापर्यंत.
मग उतरले.
बोटांना बकल कळेना, दातांनी सोडवलं.
तीन वळसे उलगडले, तोंड उघडलं,
आणि पाकीट आत जाईस्तोवर
गारा माझ्याआधी आत.

संध्याकाळी निवाऱ्यात सगळं उपसलं.
स्वेटरची एक बाही ओली. काड्या ठीक.
पाकिटावरचा पत्ता पसरलेला, नाव वाचता येत होतं.
तळाच्या घडीत
बार्रियाचं थोडं मीठ उरलं होतं.
त्याला पाणी सुटलं होतं.