पाट

धुळ्याच्या वाचनालयातल्या जाड कोशात
पाट आकडे घालून वेगवेगळा केलाय.
एक : बसायची फळी.
दोन : पाणी नेणारा चर.
तीन : नवरा गेलेल्या बाईचं पुन्हा लागलेलं घर.
चौथ्यापर्यंत मी पोचलो नाही,
ग्रंथपाल दिवे मालवत होता.

पहिल्याचं मूळ पट्ट, असं लिहिलंय.
दुसऱ्यापाशी प्रश्नचिन्ह.
तिसऱ्यापाशी नुसतं : मोहतूर पाहा.
पाहिलं.
तिथं लिहिलंय : पाट पाहा.

हिलाल आप्पा फडाचे पाटकरी.
पांझरेच्या बंधाऱ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत
पाणी त्यांच्या फावड्याचं ऐकायचं.
माय त्यांच्याकडे आली ती रातची,
वाजंत्र्यावाचून,
मी चार वर्षांचा, तिच्या खांद्यावर झोपलेला.
मारुतीमागे पाच माणसं,
कंदिलाची वात खाली केलेली.
उजाडेस्तोवर गावानं तोंड पाहायचं नाही,
म्हणून दोघं पाटाच्या कडेला बसून राहिली,
आणि पहाटे आप्पांनी उठून
निंबा भदाण्याच्या उसाकडे पाणी फिरवलं.
त्या दिवशी त्याचीच पाळी होती.

पुढे कुणाकडे हळद असली
की मायला बोलावणं यायचं, भाकरी थापायला.
मांडवातल्या पाटांना तिनं शिवायचं नाही.
"मी पाटनी शे ना," ती हसायची,
"मंग पाटवर कशी बसू?"
मीही हसायचो. मला तो विनोद वाटायचा.

मग विहिरींवर मोटारी आल्या.
फड मोडला. पाटात बाभळी उगवल्या,
पोरं त्यातून सायकली न्यायला लागली.
आप्पांनी दाऱ्याची सागाची फळी उपसून घरी आणली,
खाली दोन ठोकळे ठोकले,
तीस वर्षांच्या पाण्याची रेघ
रंध्यानं घालवली नाही.
मायपुढे ठेवून म्हणाले, "बठ."

ती नाही बसली.
आठवडाभर त्यावर मिरच्या वाळल्या.
एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो
तर ती त्यावर बसून लसूण सोलत होती,
पाय लांब सोडून,
पाण्यात सोडावेत तसे.
मला पाहून उठली. मग परत बसली.

कोशाच्या समासात हे लिहायचं होतं.
खिशात पेन्सिलही होती,
पण पुस्तक वाचनालयाचं.

घरी येऊन मायला विचारलं,
पाटचा चौथा अर्थ काय गं?
"तरनी शेयी," ती म्हणाली,
"इतलं बी माहित नही तुले?"