भांगाचं पाणी

अर्जात एकच चौकोन रिकामा उरला होता :
'तुम्हीच का? तीनशे शब्दांत लिहा.'
रात्रपाळी करून आलो होतो,
कानात भट्ट्यांची घुंई,
पापण्यांवर अल्युमिनाची पांढरी पिठी.
खिडकीबाहेर सोहारचं बंदर एकेक दिवा मालवत होतं
आणि मी स्वतःबद्दल एक वाक्य शोधत होतो
जे खोटं नाही
आणि फुशारकीही नाही.

अशी वाक्यं आमच्या घरात कुणी केलीच नव्हती.
पुढेपुढे करू नये, एवढंच शिकवलेलं.

शेवटी लिहिलं :
अकरा वर्षं भरती-ओहोटीचं गणित सांभाळतो आहे.
ते कुणाचंही आहे. फुकट घ्या, उघडून बघा, मोडा, जोडा,
फक्त पुढच्याच्या हाती तसंच उघडं द्या.
चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, तळाचा उतार,
एकेका बंदराचे सदतीस आकडे.
त्यातले वेलदूरचे मी स्वतः बसवले,
जेट्टीच्या खांबावर तासातासाला खडूची रेघ मारत,
लग्नासाठी घेतलेल्या एकोणतीस दिवसांच्या रजेत.

फोनवर यशश्रीला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, रजेचं खोड.
मग म्हणाली, हे सगळं पाण्याबद्दल झालं,
यात तू कुठेयस?

मी कुठेय?
गावच्या यादीत नाव आहे,
मतदानाच्या दिवशी रजा मात्र कधी मिळाली नाही.
एकदा म्हणे माझं मत कुणीतरी देऊनही गेलं.
इथे राहण्याचं कार्ड आहे, दर दोन वर्षांनी नवं,
फोटोत दर वेळी थोडे कमी केस.
चाळिशी उलटली
आणि बोटाला शाई ठाऊक नाही.
पहिलीच मतपत्रिका हातात येणार
ती माझं नाव छापलेली.

खलफान म्हणाला, किती माणसं तुझ्या टोळीत?
मत देणारी चारशे बारा.
पगार?
नाही.
गाडी?
नाही रे.
मग भांडता कशासाठी?
मी कॉफीचा इवलासा पेला हलवत राहिलो.
म्हटलं, कुणाचं काम आत घ्यायचं, कुणाला नको म्हणायचं,
आणि नको म्हटलेला माणूस
उद्या परत येईल असं कसं म्हणायचं,
यासाठी.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, माझा बाप फलजचा वकील होता,
डोंगरातून आलेल्या पाण्याच्या पाळ्या लावायचा,
रात्री ताऱ्यांवरून, दिवसा काठीच्या सावलीवरून.
सगळा गाव त्याला शिव्या घालायचा.
तो गेला तेव्हा मातीला सगळा गाव होता,
आणि त्या दिवशीही
कुणाच्या खजुरांची पाळी चुकली नाही.
उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला,
शिव्या खायची तयारी आहे ना?

हे मी चौकोनात लिहिलं नाही.
शब्द संपले होते.

मतपत्रिका आली. पाच नावं,
प्रत्येकापुढे पसंतीचा आकडा.
दुसरं नाव मार्याचं, टॅलिनची.
तिच्या समुद्राला भरती जेमतेम वीतभर,
तरी भरतीतलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही.
आठ वर्षांपूर्वी तिचा पहिला बदल मीच आत घेतला होता :
चुकीच्या जागचा एक स्वल्पविराम.
आज ती माझ्या चुका काढते,
आणि बरोबर काढते.

त्या दिवशी अष्टमी होती.
भांगाचं पाणी.
चंद्र एकीकडे ओढतो, सूर्य दुसरीकडे,
समुद्र धड चढत नाही, धड उतरत नाही.
मार्यापुढे एक लिहिला.
पुसला.
माझ्यापुढे एक लिहिला.
तोही पुसला.
पुन्हा लिहिला, आणि राहू दिला.
तिच्यापुढे दोन.

कान तापले,
वर्गात उत्तर येत असूनही
हात वर करताना तापायचे तसे.

निकाल पौर्णिमेला.
पडदे ओढून आडवा झालो.
रात्री परत पाळी होती.