दहा मिनिटांची खेप

"शाम्पू लावून दहा मिनिटं थांबायचं.
घड्याळ लावा," म्हणाली डॉक्टर वेर्लेकर.
मला घड्याळ लागत नाही.
एकतीस वर्षं चोडण-रायबंदर फेरीवर दोर टाकला मी.
दहा मिनिटं म्हणजे एक खेप.
ती माझ्या पोटऱ्यांना कळते.

तर बुधवारी आणि शनिवारी
मागच्या दारी, चिऱ्याच्या कट्ट्यावर
बोंडू उभा राहतो, फेसाने पांढरा,
शेपटी आत घेऊन,
आणि मी त्याच्या मानेवर हात ठेवून
बसल्या जागी नदी ओलांडतो.

पिल्लू होता तेव्हा पिकल्या काजूबोंडाचा रंग होता त्याला,
नाव त्यावरूनच पडलं.
आता पोटाखाली केस नाहीत.
कातडी काळी, जाड, सुरकुतलेली,
काखेत लाल,
कानांत आंबल्या सुरेचा वास.
रात्री पंजे चाटतो. चप् चप् चप्.
कुंदा अंधारात म्हणते, "बोंडू, पुरे."
चप्.
मी म्हणतो, "पुरे रे."
मग थोडा वेळ आम्ही तिघंही जागे,
एकमेकांना न कळवता.

सगळं करून झालं होतं.
कडुलिंबाचा पाला, खोबरेल, हळद,
डिचोलीहून कुणी पाठवलेली गंधकाची पुडी,
एक नवस
(कुंदाने केला, मला सांगितला नाही).
शेवटी स्कूटरवर पायांपाशी बसवून पणजीला नेला.
आधी गोचिडी पाहिल्या, मग कातडी खरवडून काचेखाली.
दोन महिने, चार फेऱ्या,
आणि संशय कशावर, तर
गोंयच्या कुत्र्याला नुस्तं सोसत नाही!

"मासळी बंद. पाव बंद.
आठ आठवडे भात, भोपळा आणि डुकराचं मांस.
डुक्कर त्यानं कधी खाल्लं नसेल ना? म्हणून.
मीठसुद्धा नको."
डुक्कर. कुंदाच्या चुलीवर.
ती काही बोलली नाही,
आपल्या कढईकडे तेवढी पाहत राहिली.
मग गडग्यापलीकडून पिएदाद म्हणाली, मी शिजवते.
रोज अकराला टोप गडग्यावर,
आणि रोज तीच कुरकुर:
व्हिनेगर नाही, लसूण नाही, मिरची नाही,
ह्याला काय रांधप म्हणायचं,
मेलेल्या डुकराचाही अपमान.

एक्केचाळिसाव्या दिवशी बोंडूने कान फाडला.
भिंतीवर रक्ताचे शिंतोडे, डोळ्यांच्या उंचीपर्यंत.
पिएदाद गडग्याशी आली, ॲप्रनचं टोक नाकाला लावून.
"एकूच सुंगट दिलें रे. कसो पळयतालो तो."
मी काय बोलणार?
मीही दिलाच होता, विसाव्या दिवशी,
उंड्याचा कोर, चहात बुडवून.
कुंदाचं कुंदाला ठाऊक.
कॅलेंडरवरच्या फुल्या तशाच ठेवल्या
आणि खाली नव्याने एक काढली.

"बरा कधी होणार?"
डॉक्टरने हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत.
"बरा होणार नाही हो.
पण बरा राहील."

मला रागच आला.
एवढे पैसे घेऊन असलं काही ऐकवायचं!
येताना फेरीवर कठड्याला टेकून उभा होतो,
आणि एक जुनी गोष्ट उगाच आठवली.
शाळेतला एक पोर, दप्तर पोटाशी धरून,
मला विचारत होता, फेरी शेवटी कुठे पोचते?
म्हटलं, पलीकडे.
मग?
मग अलीकडे.
तो रुसला होता, फसवल्यासारखा.
बोंडू माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपला होता.

हल्ली पाचव्या मिनिटाच्या आसपास, भर पाण्यात,
मी त्याच्याशी बोलतो.
मस्कतहून फोन आला नाही ह्या रविवारीही.
गुडघा कसा वाजतो. पेन्शनीचं कागदपत्र कुठे अडलं.
फेस अंगावर बारीक आवाज करत विरत असतो.
तो सगळा भार माझ्या मांडीवर टाकतो,
ऐकतो की नुसता थकलेला असतो, कोण जाणे.

मग पोटऱ्यांत धक्का बसतो. काठ.
तांब्या तांब्याने पाणी ओततो.
तो अंग झटकतो, मला नखशिखांत भिजवतो,
आणि मागचा पाय उचलून
एकदाच खाजवतो. सवयीने असेल.

"झालं?" कुंदा आतून.
"झालं."
आज बुधवार.