शेऱ्याचा रकाना

फाटक उघडायचं, साडेदहाचा टोल द्यायचा,
माझं काम एवढंच. बाकीचं आपोआप दिसतं.
लेंगऱ्याच्या या शाळेत चोवीस वर्षं
पोरं मी पायांवरनं ओळखतो,
तोंडं नंतर.

आठवी ब मधला सुजय.
आई-बाप कोईमतूरला, गलाईच्या भट्टीवर;
हा चुलत्याकडं. अशी पोरं इथं घरटी एक,
त्याचं कुणाला नवल नाही.
दिवाळीपर्यंत आत शिरताना
टोलाला एक टपली मारायचा, वेळ नसताना,
आणि मी शिव्या द्यायचो.
आता मारत नाही.
हे काय सांगण्यासारखं आहे?

मग खिचडी. रांगेत येतो, ताट घेतो,
भरलेलं ताट कट्ट्यावर ठेवून निघून जातो.
मग कंपासपेटी, बापानं पाठवलेली, कोरी,
पाचवीतल्या पोराला देऊन टाकली.
"तुला नको व्हय रं?"
"मला काय करायचीय आता."
तो 'आता' कानात राहिला
कुसळ अडकावं तसा.

निकम बाई म्हणाल्या, वय असतं मामा.
असतं की.
पण मागं एक पोरगी
अशीच रिबिनी वाटत फिरली होती वर्गात,
आणि मी मैदान झाडत होतो.

म्हणून काल शाळा सुटल्यावर
हेडमास्तरांच्या दारात उभा राहिलो.
चोरी? नाही. मारामारी? नाही.
तक्रार कुणाची? कुणाचीच नाही, सर.
मग लिहू काय, मामा?
रकाना बोटभर.
त्यात 'गैरहजर' बसतं, 'दाखला नेला' बसतं.
म्हटलं, लिहा,
टोलाला टपली मारत नाही.

सर हसतील वाटलं. हसले नाहीत.
पोराला बोलावलं, दार लोटून घेतलं, बराच वेळ.
मग कोईमतूरला फोन. तिसऱ्यांदा लागला.
मागं भट्टीचा भाता ऐकू येत होता,
आणि बाप नुसता "हां, हां" म्हणत होता.

बाप शनिवारी मिरजेला उतरतोय.
तोवर निकम बाई रोज त्याला घरापर्यंत सोडतात.
सुजय माझ्याकडं बघत नाही.
चुगलखोर म्हणत असंल.
म्हणू दे.

शनिवारला अजून तीन दिवस.
मधल्या सुट्टीत मी जिन्याखाली स्टूल टाकून बसतो.
गच्चीची किल्ली
खिळ्याला नाही आता,
माझ्या खिशात आहे.