शेपूची ऊब

ताम्पेरेत बाहेर उणे एकोणीस.
जुन्या सूतगिरणीच्या तळघरात इर्मेली
कोट खुंटीला अडकवते, बाह्या दुमडते.
रात्री वीज स्वस्त,
म्हणून इथे रोज दहा वाजता उजाडतं.

पाच मांडण्या लेट्यूसच्या, एक शेपूची.
दिव्यांखाली पानं श्वास सोडतात,
हवा दमट होते, चष्म्यावर वाफ धरते.
मग यंत्र तो ओलावा पिळून काढतं
धुतल्या चादरीसारखा:
पाणी परत मुळांना,
ऊब नळीतून वर, बिऱ्हाडांकडे.

"उठसूट पंखा वाढवू नकोस,"
ती नव्या पोराला सांगते.
"आधी पानामागे तळहात धर.
आकडा खोटा नसतो रे,
पण तो दाराजवळचा असतो."

तिसऱ्या मजल्यावर वाल्टो राहतो, एकटा.
संध्याकाळी वीज महाग, दिवे बंद,
त्याचा रेडिएटर निवत जातो.
नऊच्या सुमाराला फोन येतोच:
"झोपला वाटतं तुमचा पाला?"
"झोपू दे की. स्वेटर घाल."

नाताळात तिने त्याच्या दाराशी
शेपूची जुडी ठेवली होती, ओल्या कागदात.
सकाळी जुडी तळघराच्या पायरीवर परत.
सोबत चिठ्ठी, अक्षर थरथरतं:
शेपू मला लहानपणापासून आवडत नाही.
त्याची ऊब मात्र चालते.

आज फोन आला नाही,
वर फक्त खोकल्याचा आवाज.
नऊ चाळीसला इर्मेलीने
एकच मांडणी उजाडवली, शेपूची.

नोंदवहीत वीस मिनिटं जास्तीची दिसतात.
कारणाचा रकाना
तिने कोराच सोडला आहे.